कंबरेची उसण की मणक्याचे दुखणे?



गेल्या महिन्यात आमच्या चाळीत एका बाळाच्या नामकरणाचा कार्यक्रम होता. पंगत बसली तेव्हा वरणाची बादली हातात घेऊन एक बाई भराभर वाढत होत्या. नवख्या माणसाला त्यात पाहण्यासारखे काहीच नव्हते. आम्ही मात्र हातातला घास तसाच धरून त्यांच्याकडे पाहत राहिलो. कारण तीन वर्षांपूर्वी याच वहिनींना चार जणांनी खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवले होते आणि त्या चौघांत आम्हीही होतो.

वहिनी चार घरची धुणीभांडी आणि लादी पुसण्याचे काम करीत. एक दिवस पाठीच्या मधोमध दुखू लागले. घरातील वडीलधाऱ्या म्हणाल्या, उसण भरली असेल. मग पायाळू माणसाचा शोध झाला. उपड्या झोपलेल्या वहिनींच्या पाठीवर त्याने पाय लावला. पुढे नाक्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन झाले. दोन दिवस बरे वाटले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मालिश, मग गोळ्या, मग कंबरेचा पट्टा. खोटे कशाला सांगावे, तो पट्टा आम्हीच दादरहून आणून दिला होता. आठ महिने असे गेले. मधल्या काळात रोज संध्याकाळी अंगात कणकण येई, भूक गेली, अंगावरचे कपडे सैल झाले. खोकला नव्हता म्हणून क्षयाची शंका कोणाच्याही मनात आली नाही. जो तो म्हणे, कष्टाने वाळली आहे. मग चालताना पायातली चप्पल निसटे आणि त्यांना ते कळत नसे. याचेही आम्हांला काही वाटले नाही. एका सकाळी त्या अंथरुणातून उठूच शकल्या नाहीत.

महानगरपालिकेच्या मोठ्या रुग्णालयात तपासणी झाली. मणक्याचा क्षय निघाला. मणका किडून पू झाला होता आणि तो मज्जारज्जूवर दाब देत होता. ऑपरेशन झाले, दीड वर्ष औषधे चालली, व्यायाम झाले आणि वहिनी पुन्हा चालू लागल्या. सगळ्यांचेच नशीब असे नसते. तेथील डॉक्टरांनी घरच्यांना एकच प्रश्न विचारला, "आठ महिने तुम्ही काय करीत होतात?" त्या प्रश्नाला घरच्यांपाशी उत्तर नव्हते, आमच्यापाशीही नव्हते. आजचा लेख त्या प्रश्नातूनच लिहीत आहोत.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. पाठ, कंबर आणि मान दुखणाऱ्या शंभर माणसांपैकी बहुतेकांना मोठ्या तज्ज्ञाची, एम.आर.आय.ची किंवा ऑपरेशनची गरज नसते. त्यांचे दुखणे काही आठवड्यांत आपोआप कमी होते. परंतु उरलेल्या थोड्यांना तज्ज्ञाची गरज फार तातडीची असते. आपल्या वस्त्यांत नेमके उलट घडते. साध्या उसणीवाल्याचे पैसे पट्टे, इंजेक्शने आणि तपासण्यांत जातात, आणि ज्याने आज रुग्णालय गाठायला हवे तो मालिश करून घेत घरी बसतो. हा फरक कुटुंबातल्या प्रत्येकाला ओळखता आला पाहिजे.

मणका म्हणजे काय?

आपल्या पाठीचा कणा ३३ मणक्यांचा असतो. मानेत ७, पाठीत १२ आणि कंबरेत ५. त्याखालचे ५ मणके जुळून एकच हाड झालेले असते आणि शेवटचे ४ म्हणजे माकडहाड. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तिचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला गाभा मऊ असतो. मणक्यांच्या मागच्या बाजूला एक बोगदा असून त्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणारा मुख्य तारांचा जुडगा. प्रत्येक मणक्यापाशी त्यातून नसा फुटतात. मानेतल्या नसा हातांकडे जातात, कंबरेतल्या पायांकडे. म्हणून दोष मानेत असून मुंग्या बोटांना येतात, आणि दोष कंबरेत असून कळ पोटरीत उतरते.

नेहमी भेटणारी दुखणी चार-पाच प्रकारची आहेत.

पहिले म्हणजे स्नायूंचा ताण, ज्याला आपण उसण किंवा चमक भरणे म्हणतो. हंडा उचलताना, वाकून मागे वळताना एकदम कळ येते आणि माणूस जागच्या जागी अडकतो. दिसायला भयंकर, पण बहुधा सर्वांत निरुपद्रवी.

दुसरे, गादी सरकणे. कड्याला चीर पडून आतला गाभा बाहेर येतो आणि शेजारची नस दाबतो. कंबरेतून कुल्ल्यावाटे मांडी, पोटरी, पावलापर्यंत विजेसारखी कळ जाते. हीच सायटिका. खोकले, शिंकले की कळ वाढते. हा गादीचा खेळ आहे हे वैद्यकशास्त्राला नीट उमगले ते १९३४ साली, बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांच्या लेखामुळे.

तिसरे, मणक्यांची झीज, म्हणजे स्पॉन्डिलोसिस. केस पिकतात तशी ही वयाची खूण आहे. अनेकांना तिचा काहीच त्रास होत नाही.

चौथे, उतारवयात बोगदा अरुंद होणे. थोडे चालले की पाय भरून येतात, जड होतात, आणि खाली बसले किंवा पुढे वाकले की मोकळे होतात. अशा आजोबांना आपण सहज म्हणतो, वय झाले. प्रत्यक्षात त्यावर उपचार असतात.

पाचवे दुखणे तरुणांचे. विशी-तिशीतील मुलगा पहाटे दुखण्याने जागा होतो, सकाळी पाठ लाकडासारखी ताठ असते, आणि कामाला लागल्यावर ती मोकळी होते. आरामाने वाढणारे आणि हालचालीने कमी होणारे असे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले, तर तो मणक्यांचा संधिवात असू शकतो. घरचे मुलाला आळशी ठरवून मोकळे होतात आणि इकडे मणके जुळत जातात.

मणक्याचा क्षय याहून वेगळा. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७९ सालीच त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. क्षयाचा जंतू शोधला गेला तो त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८८२ साली रॉबर्ट कॉख यांच्या हातून. आपल्या दाट वस्त्यांत हा रोग आजही आहे, आणि तो छातीत न दिसता थेट मणक्यात दिसू शकतो.

साध्या दुखण्याला घरी काय करावे?

पूर्वी डॉक्टर सांगत, फळीवर झोपा, तीन आठवडे उठू नका. हा सल्ला आता मागे पडला आहे. अमेरिकेत १९८६ साली कंबरदुखीच्या रोग्यांचे दोन गट करून एकाला दोन दिवस आणि दुसऱ्याला सात दिवस अंथरुणात राहण्यास सांगितले. बरे होण्यात फरक पडला नाही, उलट दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस पुष्कळ कमी बुडाले. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गावर असाच प्रयोग झाला. जमेल तेवढी रोजची कामे करीत राहणारे अंथरुणात पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले.

तेव्हा फार दुखत असेल तर एक-दोन दिवस विसावा घ्यावा. कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी, किंवा उताणे झोपून गुडघ्यांखाली ठेवावी. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे. त्यानंतर घरातल्या घरात, मग गल्लीत चालायला लागावे. ओझे उचलणे आणि कंबरेतून वाकणे तेवढे टाळावे. हलके मालिश केल्याने बरे वाटत असेल तर जरूर करावे. परंतु पाठीवर लाथ मारून घेणे, पाठीवर माणूस उभा करणे, हे प्रकार बंद करा. पायाळू जन्मलेल्या माणसाच्या पायात गुण असतो असे मानायला काही आधार नाही. उसण चार दिवसांत आपोआपच उतरते आणि श्रेय पायाला मिळते. आतला मणका किडलेला असेल तर त्याच लाथेने तो ढासळू शकतो.

तीच गोष्ट केशकर्तनालयात दाढीनंतर मान कडकन मोडून घेण्याची. मानेतील मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. त्या झटक्याने क्वचित धमनी फाटते आणि तरुण माणसालाही लकवा मारतो. "मान मोडू नका" एवढे तीन शब्द सांगायला लाजू नये.

पट्ट्याविषयी आम्हांला बोलायलाच हवे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. तीत नेहमीचा उपचार म्हणून पट्टा आणि वजन लावून ओढणे, म्हणजे ट्रॅक्शन, यांची शिफारस नाही. व्यायाम आणि रोग्याला नीट समजावून सांगणे यांची आहे. ऑपरेशन किंवा अस्थिभंगानंतर डॉक्टरांनी दिलेला पट्टा वेगळा, तो घालावाच. पण शेजाऱ्याने आणून दिलेल्या पट्ट्याने दुखणे झाकले जाते आणि निदान लांबते. हे आम्ही अनुभवाने लिहितो.

गोळ्यांचेही तसेच. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या चार-आठ दिवस डॉक्टरांच्या सांगण्याने घ्याव्यात. महिनोन् महिने दुकानातून आणून घेतल्या तर पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड खराब होते. रक्तदाब वा मधुमेह असलेल्यांनी तर फारच जपावे. नाव नसलेल्या पुड्यांपासून दूर राहा. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने आठ दिवसांत जादू वाटते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

खालील मजकूर कापून ठेवावा, शक्य तर विहाराच्या वा मंडळाच्या फलकावर लावावा.

१. कंबर दुखत असताना लघवी अडणे किंवा नकळत होणे, संडासवरचा ताबा जाणे, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा येणे. ही सर्वांत मोठी धोक्याची खूण. खालच्या नसांचा पूर्ण जुडगा दाबला गेला असू शकतो. येथे प्रश्न तासांचा असतो. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. स्त्रिया लाजेने हे सांगत नाहीत. सासूने, नणंदेने, नवऱ्याने स्पष्ट विचारावे.

२. पाऊल वर उचलता न येणे, चालताना ते फरफटणे, दोन्ही पायांतली शक्ती कमी होत जाणे.

३. चप्पल निसटली तरी न कळणे, चालताना तोल जाणे. हातांनी गुंड्या लावता न येणे, भाकरी थापताना, सुईत दोरा ओवताना बोटे न चालणे. अशा वेळी मज्जारज्जूवर दाब असू शकतो, मग तेथे फारसे दुखत नसले तरी.

४. दुखण्याबरोबर संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणे. पडून राहिल्यावरही आणि रात्रीही न थांबणारे दुखणे. पाठीवर मधोमध उंचवटा येणे.

५. परातीवरून, शिडीवरून वा झाडावरून पडल्यावर पाठ किंवा मान दुखणे. अशा माणसाला हात-पाय धरून झोळीसारखे उचलू नये. फळीवर सरळ झोपवून, मान दोन्ही बाजूंनी स्थिर धरून न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

६. ज्याला पूर्वी कर्करोग झाला होता, किंवा जो दीर्घकाळ स्टिरॉइड घेत आहे, त्याला नव्याने सुरू झालेली पाठदुखी. वयस्कर स्त्रीला साध्या ठेचेनंतर किंवा बादली उचलल्यावर अचानक सुरू झालेली तीव्र पाठदुखी.

एक सूचना मणक्याबाहेरची. डावा हात, मान, जबडा दुखतो आहे, जिना चढताना वाढतो आहे, बरोबर घाम आणि छातीत दडपण आहे, तर ते मानेचे दुखणे समजू नका. ते हृदयाचे असू शकते. ताबडतोब रुग्णालयात न्या.

आणखी एक. "अंगावरून पांढरे जाते म्हणून कंबर दुखते" असे आपल्या भगिनी वर्षानुवर्षे मानत आल्या आहेत. ही बहुधा दोन निरनिराळी दुखणी असतात. दोन्हींसाठी डॉक्टरांना दाखवावे. एकीच्या नावाखाली दुसरी अंगावर काढू नये.

कोणत्या डॉक्टरकडे जावे?

धोक्याची खूण नसेल तर सुरुवात जवळच्या एम.बी.बी.एस. डॉक्टरकडे किंवा सरकारी दवाखान्यात करावी. चार ते सहा आठवड्यांत उतार पडला नाही, तर मोठ्या रुग्णालयाचा केस पेपर काढावा.

हाडांचे डॉक्टर, म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञ, मणके, गादी, अस्थिभंग आणि मणक्याचा क्षय पाहतात. मेंदू व मज्जारज्जूचे शल्यविशारद, म्हणजे न्यूरोसर्जन, दाबलेल्या नसा आणि मज्जारज्जूची ऑपरेशने करतात. मणक्याची ऑपरेशने या दोन्ही शाखांतील तज्ज्ञ करतात, तेव्हा कोणाकडे पाठवले म्हणून घाबरू नये. सकाळचा ताठरपणा असलेल्या तरुणाने संधिवाततज्ज्ञाला दाखवावे. आणि फिजिओथेरपिस्टला "नुसते व्यायाम सांगणारा" समजून टाळू नये. मणक्याच्या बहुसंख्य दुखण्यांत खरा उपचार त्याच्याच हातून होतो. पोटाचे व पाठीचे स्नायू बळकट झाले की मणक्यावरचा भार हलका होतो. मात्र व्यायाम शिकून घरी रोज केले पाहिजेत. आठ दिवस यंत्राचा शेक घेऊन बंद करण्यात अर्थ नाही.

मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे.जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, छत्रपती संभाजीनगरात घाटी ही सार्वजनिक रुग्णालये आपली आहेत. रांग असते, एक दिवसाचा रोज बुडतो, हे आम्ही जाणतो. पण गल्लीबोळांत आठ महिने भटकून बुडालेले रोज मोजले तर ती रांग स्वस्तच पडते. मुंबईत हाजीअली येथे केंद्र सरकारची अपंग पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ सालापासून आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना पुन्हा चालते-फिरते करणे, आधाराची साधने देणे हे तिचे काम आहे.

जाताना जुने सर्व कागद, एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. आणि डॉक्टरांना नीट सांगावे: दुखणे कधीपासून, नेमके कोठे, कोठपर्यंत उतरते, कशाने वाढते, काम काय करता. "सगळे अंग दुखते" एवढेच सांगितले तर दोन मिनिटांत त्यांना काय कळणार?

एम.आर.आय. आणि ऑपरेशन

"मणक्यात गॅप आला आहे" हे वाक्य ऐकून आपली माणसे हबकतात. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. पाठदुखी मुळीच नसलेल्या ९८ माणसांचे एम.आर.आय. काढले. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांची किमान एक तरी गादी फुगलेली दिसली. सर्व गाद्या निर्दोष असलेले शंभरात ३६ च निघाले. म्हणजे फोटोतला दोष हेच दुखण्याचे कारण असेल असे नाही. फोटो आणि रोग्याची लक्षणे जुळली पाहिजेत. फोटो पाहून, पण रोग्याचे पाय न तपासता, कोणी ऑपरेशनची तारीख दिली तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. तो आपला हक्क आहे.

दुसऱ्या बाजूला, "मणक्याचे ऑपरेशन केले की माणूस लुळा होतो" ही भीतीही तितकीच खोटी. ऑपरेशनमध्ये धोका असतो, परंतु बहुतेक वेळा माणूस लुळा होतो तो गरज असताना ऑपरेशन न केल्याने. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रोग्यांवरचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. काहींचे ऑपरेशन लवकर केले, काहींना थांबवून इतर उपचार दिले. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षअखेर दोन्ही गटांतील शंभरपैकी ९५ जण बरे होते. थांबलेल्यांपैकी शंभरात ३९ जणांना मध्येच ऑपरेशन करावे लागले. यावरून समजावे की, शक्ती शाबूत असेल तर थांबायला हरकत नाही. लघवी अडली, पाऊल पडले, मज्जारज्जूवर दाब आला, तर मात्र थांबू नये. मज्जारज्जूवर दाब असेल तर ऑपरेशनने निदान पुढचे नुकसान तरी रोखता येते. गेलेली शक्ती पूर्ण परत येईलच असे नसते, म्हणून वेळ महत्त्वाची.

ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना हे प्रश्न विचारावेत. कोणती नस दाबली आहे? ऑपरेशन न केल्यास काय होईल? केल्याने पायाची कळ जाईल की पाठीचे दुखणेही? कामावर कधी परतता येईल, आणि तेच काम करता येईल का?

मणक्याच्या क्षयाला मात्र बहुतेकदा औषधेच पुरतात. ती सरकारकडून मोफत मिळतात. साधारण १२ महिने, कधी १८ महिनेही घ्यावी लागतात. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून सोडली तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. आहारासाठी क्षयरोग्याला सरकार २०१८ सालापासून दरमहा पैसेही देते. बँकेचे खाते नोंदवून ते मागून घ्यावेत.

खर्चाचे काय?

राज्य सरकारने २०१२ साली सुरू केलेल्या आरोग्य योजनेला २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. योजनेत सामील असलेल्या सरकारी व खाजगी रुग्णालयांत ठराविक ऑपरेशने विनाखर्च होतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन तेथील आरोग्यमित्राला भेटावे, आणि भरती होण्यापूर्वीच भेटावे. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली. तेथील वैद्यकीय समाजसेवकाकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे. सार्वजनिक रुग्णालयांतही समाजसेवा अधीक्षक असतात. ते गरिबांसाठीच नेमलेले आहेत.

कारखान्यात, दुकानात पगारदार असाल तर ई.एस.आय. कार्ड पेटीत ठेवू नका. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्याच कारकिर्दीत प्राध्यापक अडारकर यांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली आला आणि त्या पायावर १९४८ चा ई.एस.आय. कायदा उभा राहिला. उपचार तर मिळतातच, शिवाय आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भागही मिळतो. आपल्याच पगारातून कापलेल्या पैशांवर तो हक्क आहे.

ओझे कोणाच्या पाठीवर?

आमच्या वाचकांची पाठ का दुखते, हे सांगायला तज्ज्ञ नको. कोणी गोदीत आणि बाजारात पोती वाहिली, कोणी गटारे उपसली, कोणी घमेली डोक्यावर घेऊन माळे चढले, कोणी फडात उसाची मोळी उचलली. दिवसभर रिक्षा चालवणारा आणि शिलाई मशीनवर मान वाकवून बसणारी यांचीही तीच तऱ्हा. सिमेंटचे एक पोते ५० किलोचे असते. बाईच्या डोक्यावरचा भरलेला हंडा सगळे वजन मानेच्या सात मणक्यांवर टाकतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३४ होते. इजा होईल इतके जड ओझे कामगाराला उचलायला लावू नये, असे त्यात म्हटले होते. कायद्याचे नाव पुढे बदलले, तरी ते तत्त्व सोडण्याचे कारण नाही. माथाडी कामगारांनी संघटनेच्या बळावर १९६९ साली स्वतःचा कायदा मिळवला. नाक्यावरच्या मजुराला आणि घरकाम करणाऱ्या भगिनीला तेवढेही संरक्षण नाही.

जेथे शक्य आहे तेथे एवढे तरी करा. ओझे उचलताना कंबरेतून वाकू नका, गुडघ्यात वाकून बसा, ओझे छातीजवळ घ्या आणि पायांच्या जोरावर उठा. उचललेल्या ओझ्यासह कंबर पिळू नका, पावले वळवा. जड पोत्याला दोघे लागा. एका मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान कळशा, दोन हातांत. लादी लांब दांड्याच्या फडक्याने पुसायला मिळावी अशी मागणी मालकिणीकडे करायला संकोच कसला? मुलांनी मोबाइल मांडीत न धरता डोळ्यांसमोर धरावा. आणि घरातल्या पुरुषांनी निदान पाणी तरी भरावे. बाईच्या कंबरेवर याइतके स्वस्त औषध नाही.

त्या नामकरणाच्या पंगतीत वहिनी आमच्यापर्यंत आल्या. "भाऊ, जेवत का नाही? वरण गार होतंय," म्हणाल्या. वरणाची बादली त्यांनी दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरली होती. रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या ताईंनी तसे शिकवले आहे म्हणे. आता त्या चाळीतल्या इतर बायकांनाही शिकवतात, आणि कोणाची पाठ महिन्याहून अधिक दुखली तर स्वतः तिच्याबरोबर केस पेपर काढायला जातात. आतापर्यंत तिघींना त्या घेऊन गेल्या. त्यांतील दोघींना साधे व्यायाम पुरले. तिसरीला क्षय निघाला, पण वेळेत. ती आपल्या पायांनी जिना उतरून गेली आणि आपल्या पायांनीच चढून आली.